रोमहून एका दिवसात: साजित्तारिओची घळ आणि स्कान्नोचं तळं

रानजाई

रोमला येणाऱ्या मराठी मंडळींचे प्रश्न इथे वरचेवर येतात. कोलोसियम आणि व्हॅटिकन झालं की हातात एक दिवस उरतो, आणि तो बहुतेक जण फ्लॉरेन्स-पिसाच्या धावपळीत घालवतात. आम्ही रोमलाच राहतो. घरी पाहुणे आले आणि त्यांना डोंगरांची ओढ असली, की आम्ही त्यांना पूर्वेला, आब्रुत्सो प्रांतात नेतो. तिथली एक दरी मला फार प्रिय आहे. साजित्तारिओ नदीची घळ आणि तिच्या वरच्या अंगाला असलेलं स्कान्नोचं तळं. तिच्यासाठी हा धागा.

माझं एक ठाम मत आधीच सांगून टाकते. एका दिवसात एकच दरी करा. ग्रान सास्सो, लाक्विला, सुल्मोना, स्कान्नो ही ठिकाणं नकाशावर शेजारी-शेजारी दिसतात, पण मधे डोंगर आहेत आणि रस्ते वळणांचे आहेत. चारही ठिकाणं गाठायला निघालात तर दिवसभर गाडीच्या काचेतून बघणं होईल. ही दरी मात्र एका पाण्याची आहे. तळं, झरे, घळ, गावं, सगळं त्या एका पाण्याभोवती. ते क्रमानं बघत गेलं तर कळत जातं.

रोमहून ए२४ हा टोलरस्ता धरायचा. तोरानोला फाटा फुटतो. डावीकडचा लाक्विलाला जातो, आपण ए२५ घ्यायचा, पेस्काराच्या दिशेचा. आवेत्सानो मागे पडलं की उजव्या हाताला डोंगरांच्या मधोमध एकदम सपाट, पट्टीनं आखल्यासारखी शेतं दिसू लागतात. हे फुचिनो. इथे पूर्वी तळं होतं, इटलीतलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं. सम्राट क्लॉडियसनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोंगरातून साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा खणवला आणि तळ्याचं पाणी लिरी नदीकडे काढून दिलं. पुढे देखभाल सुटली, बोगदा बुजला आणि तळं पुन्हा भरलं. एकोणिसाव्या शतकात आलेस्सांद्रो तोर्लोनिया या रोमच्या धनाढ्य सरदारानं ते काम परत हाती घेतलं आणि १८७० च्या दशकात तळं कायमचं आटवलं. आज तिथे बटाटे आणि गाजरं पिकतात. मी प्रत्येक पाहुण्याला हे मैदान मुद्दाम दाखवते, कारण तासाभरानं जे तळं बघायचं असतं ते कोणी आटवलं नाही की बांधलंही नाही.

कोकुल्लोला टोलरस्ता सोडायचा. तिथून स्कान्नो पंचवीस-तीस किलोमीटर आहे, पण या टप्प्याला अर्धा दिवस द्या. पहिलं गाव आन्वेर्सा. गाडी गावात लावून खाली दरीत उतरणारी वाट आहे. तळाशी कावूतोचे झरे आहेत. खडकाच्या बुडातून पाणी थेट बाहेर येतं, इतकं नितळ की तळातलं शेवाळ वाऱ्यावर हलणाऱ्या गवतासारखं स्पष्ट दिसतं. हा सगळा भाग राखीव आहे आणि त्याची देखभाल डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेकडे आहे. झऱ्यांजवळ इथल्या वनस्पतींची एक छोटी बागही आहे. मे-जूनमध्ये गेलात तर ती चुकवू नका.

आन्वेर्साच्या पुढे डाव्या अंगाला उंच कड्याच्या धारेवर एक गाव लटकलेलं दिसतं. ते कास्त्रोवाल्वा. अशक्य जिने आणि एकमेकांत गुंतलेले पक्षी काढणारा डच चित्रकार एशर बऱ्याच जणांना माहीत असेल. तो १९२३ ते १९३५ रोमला राहत होता आणि या डोंगरांत पायी हिंडायचा. १९३० साली त्यानं याच गावाचं शिळाछाप चित्र केलं. अर्ध्या चित्रात कड्याच्या पायथ्याची झाडंझुडपं, बारीकसारीक पानांसकट, आणि बाकी अर्ध्यात खोल दरी. वरच्या वळणावर उभं राहिलं की त्यानं कुठून पाहिलं असेल ते लगेच कळतं.

मग रस्ता घळीत शिरतो. दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी खडक डोक्यावर आलेला, आणि समोरून बस आली तर एकानं मागे घ्यायचं. इथे घाई नको. घळ संपता संपता सान दोमेनिकोचं तळं येतं. हे मानवनिर्मित आहे, वीजनिर्मितीसाठी बांध घालून अडवलेलं, पण रंग असा हिरवा की फोटो दाखवले तर लोक विचारतात, रंग वाढवलाय का. दगडी पुलावरून पलीकडे गेलं की साधूची गुहा आणि तिच्यावर बांधलेलं छोटं देऊळ, म्हणजे चर्च. साधारण हजार वर्षांपूर्वी सान दोमेनिको इथे राहिला असं मानतात.

विल्लालागोवरून पुढे गेलं की दरी एकदम उघडते आणि स्कान्नोचं तळं समोर येतं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, चारी बाजूंनी डोंगर. आब्रुत्सोतलं हे सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. काठाकाठानं सपाट चालता येतं, उन्हाळ्यात पायडलच्या होड्या मिळतात. लोक येतात ते मात्र ते वरून बघायला, कारण एका ठरावीक जागेवरून तळं हुबेहूब पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं दिसतं. सांतेजिदिओच्या छोट्या चॅपेलकडे जाणारी पायवाट आहे, चढ सोपा, जाऊन-येऊन तासभर धरा. बूट चांगले हवेत, वाट खडीची आहे.

जेवण स्कान्नो गावात. दुपारी साडेबारा ते दोन हीच वेळ. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि दुकानंही चारपर्यंत उघडत नाहीत. जेवून गावातल्या गल्ल्या फिरा. गावाबद्दल खालच्या प्रतिसादांत लिहीनच, ते सगळं इथे कोंबत नाही.

—

हिरवा_चाफा

वा! किती सविस्तर. आम्ही सप्टेंबरमध्ये येतोय, सोबत सासू-सासरे आहेत, दोघं सत्तरीच्या पुढचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना घाटात त्रास होतो. शिवाय त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. हा दिवस त्यांना झेपेल का, की त्यांना रोमलाच ठेवू?

—

रानजाई

@हिरवा_चाफा, रोमला अजिबात ठेवू नका, घेऊन जा. फक्त क्रम बदला. आन्वेर्साच्या झऱ्यांपर्यंतचा उतार गुडघ्यांना त्रासाचा आहे, तो सोडा. सान दोमेनिकोला रस्त्यापासून थोडंच चालायचं आहे. स्कान्नोच्या तळ्याकाठी बाकं आहेत, सावली आहे. तुम्ही दोघं वर बदाम बघून येईपर्यंत त्या दोघांना तिथे छान बसता येईल. माझे आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही असंच केलं. स्कान्नो गावात पायऱ्या खूप आहेत. तिथे वरच्या चौकापर्यंत गाडी न्या, खालच्या गल्ल्यांत उतरायच्या भानगडीत पडू नका, वरच्या रस्त्यावरूनच बरंच दिसतं.

घाटाचा त्रास: पुढच्या सीटवर बसवा, सकाळी पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. आवळासुपारी सोबत ठेवा. घळीतला सगळ्यात वळणांचा टप्पा वीस-पंचवीस मिनिटांचाच आहे आणि मधे थांबायच्या जागा आहेत.

जेवणाचं जरा नीट सांगते, कारण इथे फसायला होतं. हा मेंढपाळांचा मुलूख आहे, त्यामुळे मेंढीच्या मांसाच्या काड्या जागोजाग. शाकाहारी माणसाला मिळण्यासारखं: विस्तवावर भाजलेलं स्कामोर्त्सा चीज, ताजा रिकोत्ता, भाजलेल्या भाज्या, आणि पास्ता. ‘ओरापी’ नावाची रानभाजी मिळाली तर नक्की घ्या. पालकाच्या जातीची आहे आणि उंचावर जिथे मेंढ्यांचे कळप बसतात तिथल्या खताळ जमिनीत आपोआप उगवते. ती साध्या पिठाच्या जाडसर पास्त्यात घालतात. मात्र काही ठिकाणी वरून डुकराचं सॉसेज टाकतात, म्हणून मागवतानाच ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणा, म्हणजे मांस नको. डाळ-कडधान्यांच्या पास्त्यातही फोडणीला चरबी असू शकते, तेही विचारा. तारांनी कापलेला ‘कितार्रा’ पास्ता इथला नावाजलेला, पण त्यात अंडं असतं. तेव्हा सासूबाईंसाठी ‘सेन्त्सा ऊओवा’ हेही पाठ करून ठेवा. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज बहुतेक वेळा कोकराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट घालून लावतात. तुमच्या घरी ते चालत नसेल तर टाळा. ताजा रिकोत्ता मागतानाही विचारून घ्या, कारण तो चीजच्याच निवळीपासून होतो. घरून थेपले-दशम्या नेल्या तर तळ्याकाठी बसून खाता येतात, कोणी हटकत नाही. कचरा मात्र परत आणायचा.

—

भूगर्भ

लेख आवडला. तळ्याबद्दल थोडी भर घालतो, कारण विषय माझ्या कामाचा आहे.

स्कान्नोचं तळं दरडीमुळे झालं. जेन्त्साना डोंगररांगेचा एक मोठा भाग प्रागैतिहासिक काळात सुटून खाली दरीत आला आणि त्यानं तास्सो नदी अडवली. नदीमागे पाणी साठलं, ते हे तळं. गंमत पुढे आहे. तळ्यातून वर दिसणारी नदी बाहेर पडत नाही. पाणी त्या दरडीच्या दगडमातीतून झिरपत खाली जातं आणि विल्लालागोजवळ झऱ्यांच्या रूपानं पुन्हा वर येतं. तिथून पुढे त्याच पाण्याला साजित्तारिओ म्हणतात. म्हणजे वरच्या गावात तास्सो, मधे काही अंतर जमिनीखाली, आणि खाली साजित्तारिओ. तळ्याची पातळीही म्हणूनच ऋतूप्रमाणे हलते. वसंतात बर्फ वितळलं की काठ भरतात, उन्हाळा सरता सरता पाणी मागे हटतं आणि कडेला चिखलाचा, गोट्यांचा पट्टा उघडा पडतो.

तळ्याच्या काठावर उभं राहून समोर वर बघा. डोंगरावर एक मोठा ओरखडा दिसतो, चमच्यानं खरवडून काढल्यासारखा. दरड सुटली ती तिथून. त्याच ओरखड्याच्या जवळ फ्रात्तूरा नावाचं जुनं गाव आहे. १३ जानेवारी १९१५ ला आवेत्सानोचा भूकंप झाला, त्यात ते उद्ध्वस्त झालं. नवं गाव बाजूला वसवलं, जुन्याचे पडके वाडे तसेच उभे आहेत. रानजाईंनी फुचिनोचं लिहिलंय. त्या भूकंपाचा केंद्रबिंदू त्याच आटवलेल्या तळ्याच्या परिसरात होता. तीस हजारांच्या आसपास माणसं गेली. आवेत्सानो शहर जवळजवळ पुसलं गेलं.

—

रानजाई

@भूगर्भ, मनापासून धन्यवाद. पाणी जमिनीखालून जातं हे माहीत होतं, पण तो ओरखडा म्हणजेच दरडीची जागा हे कोणी दाखवलं नव्हतं. जुन्या फ्रात्तूरापर्यंत गाडीचा रस्ता जातो. तिथे दोन-तीन घरं आता डागडुजी करून उभी आहेत, बाकी छप्पर नसलेल्या भिंती. त्या गावच्या पांढऱ्या घेवड्याचं इथे फार कौतुक आहे. कुठे पिशवीत मिळाला तर घ्या, भिजवून आमटी केली तर अजिबात पीठ होत नाही आणि साल जाणवत नाही. कोणाच्या परसात जाऊन फोटो मात्र काढू नका. उन्हाळ्यात लोक तिथे राहायला येतात.

—

कॅमेरावाला

स्कान्नो म्हटलं की माझ्यासारख्याला आधी काळेपांढरे फोटो आठवतात. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९५१ मध्ये तिथे गेला होता. मारिओ जाकोमेल्ली १९५७ आणि १९५९ मध्ये. जाकोमेल्लीचा तो मुलाचा फोटो: मधोमध खिशात हात घालून चालत येणारा, स्पष्ट, आणि आजूबाजूला काळ्या कपड्यांतल्या बायका पुसट. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे तो. त्यांच्याही आधी १९३० च्या दशकात हिल्डे लोत्स-बाउअर या जर्मन बाईनं या गावातल्या बायकांचं रोजचं काम टिपलं होतं, ओझी वाहणं, विहिरी-कारंज्यांवरचं पाणी, विणकाम. मला तिचे फोटो जास्त जवळचे वाटतात, कारण त्यात माणसं कामात आहेत.

मी गेलो तेव्हा तो पारंपरिक पोशाख रोज घालणारी एखादीच आजी दिसली. एरवी तो सणाला किंवा गावच्या मिरवणुकीत. जाड लोकरीचा गडद घागरा, फुगीर बाह्या, डोक्याला घट्ट बांधलेलं वस्त्र. माझी कळकळीची विनंती: त्या आजींचा फोटो न विचारता काढू नका. सत्तर वर्षं लोक त्यांच्यावर कॅमेरे रोखतायत. मी विचारलं, आजी मान हलवून नको म्हणाल्या, मी कॅमेरा बंद केला. मग त्यांनीच हाक मारून कारंज्याच्या दगडात कोरलेले चेहरे दाखवले, कुठल्या तोंडातून कोणी पाणी भरायचं हे हातवारे करून सांगितलं. इटालियन मला फारसं येत नाही, तरी समजलं.

चित्र म्हणून सगळ्यात चांगला प्रकाश सकाळी नऊच्या आत किंवा ऑक्टोबरमध्ये दुपारी चारनंतर. दरी अरुंद असल्यानं ऊन उशिरा पोचतं आणि लवकर जातं.

—

माणदेशी

आमच्या आजोबांनी मेंढरं राखली. पावसाळा सरला की माणदेशातून घाट उतरून कोकणात, आणि पाऊस तोंडावर आला की परत. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या, सगळं. त्यामुळे रानजाईताईंनी ‘मेंढपाळांचा मुलूख’ असं एका ओळीत लिहून पुढे गेल्या तिथे मी थांबलो. तिकडचे लोक कुठून कुठे जायचे? बायका सोबत जायच्या का? अजून जातात का?

—

रानजाई

@माणदेशी, तुमच्यासाठी मोठं उत्तर लिहिते, आणि ते मूळ लेखातच असायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

इथले मेंढपाळ शरदात, बर्फ पडायच्या आत, दक्षिणेला पुल्याच्या सखल मैदानात जायचे, फोज्जाच्या आसपास. वसंत सरता परत डोंगरात. जायचे ते ठरावीक रस्त्यांनी. त्यांना ‘त्रात्तूरो’ म्हणतात. दगड-डांबर काही नाही, नुसता गवताचा पट्टा, पण रुंदी किती? मोठ्या त्रात्तूरोची १११ मीटर. मेंढ्या चालता चालता चरत जाव्यात म्हणून. लाक्विला ते फोज्जा हा सगळ्यात मोठा, २४४ किलोमीटरचा. दुसरा पेस्कास्सेरोलीहून कांदेलाला जातो. या पट्ट्यांवर शेती किंवा घर करायला मनाई होती. नेपल्सच्या राजानं, आल्फोन्सो आरागोननं, १४४७ मध्ये या कळपांवरच्या कराचं स्वतंत्र खातं उभं केलं आणि ते १८०६ पर्यंत चाललं. राज्याचं मोठं उत्पन्न त्यातून यायचं. म्हणजे ज्या वाटा मेंढपाळांच्या, त्यांना कायद्याचं संरक्षण होतं, मेंढपाळ वाटेतल्या शेतकऱ्याच्या मर्जीवर नव्हते.

बायका सोबत जात नसत. पुरुष सात-आठ महिने बाहेर आणि गाव बायकांच्या हाती. शेती, लाकूडफाटा, म्हाताऱ्यांची देखभाल, लोकर पिंजणं, रंगवणं, विणणं. कॅमेरावाला यांनी सांगितलेल्या फोटोंत गावभर बायकाच दिसतात, त्यामागे हे आहे. तुमच्याकडे सगळं बिऱ्हाड सोबत असायचं. इथे नवराबायको वर्षातले काही महिनेच एकत्र.

लग्न ठरलं की मुलाकडून मुलीला सोन्याचा दागिना जायचा. ‘प्रेसेंतोसा’ म्हणतात. चांदणीसारखं गोल पदक, सोन्याच्या तारेचं बारीक काम, आणि मध्यभागी एक किंवा दोन बदाम. स्कान्नोत अजून सोनार हे हातानं करतात. एका दुकानात मी बराच वेळ उभी राहून पाहिलं. केसाइतकी बारीक तार, दोन तारा एकत्र पिळून चपट्या केलेल्या, चिमट्यानं एकेक वेटोळं वळवून चौकटीत बसवायचं आणि मग सगळ्यांना एकदम डाक. सोनारकाकांनी भिंगातून दाखवलं तेव्हा कळलं की प्रत्येक वेटोळ्याची कड दातेरी असते, म्हणून चमकते.

आता कळप ट्रकनं जातात किंवा जातच नाहीत. विसाव्या शतकात मेंढ्या घटल्या, माणसं अमेरिकेला, उत्तर इटलीला गेली. स्कान्नोत आज दोन हजारांहून कमी लोक राहतात. हंगामी स्थलांतराची ही परंपरा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटली, ग्रीस आणि ऑस्ट्रिया यांच्या नावानं, आणि २०२३ मध्ये आणखी देश जोडले गेले. तुमच्या आजोबांच्या वाटा कुठून कुठे होत्या, मुक्काम कुठे पडायचे, हे तुम्हाला माहीत असेल तर कृपा करून स्वतंत्र धागा काढा. इकडच्या वाटांचे नकाशे सरकारी दप्तरांत आहेत. आपल्याकडचं बरंचसं फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे.

—

माणदेशी

१११ मीटर रुंद वाट! आमच्याकडे ऊसवाले बांधाला मेंढरू लागू देत नाहीत. चुलते अजून आहेत, त्यांना विचारून लिहितो. नक्की लिहितो.

—

निवांत_प्रवासी

मी परदेशात गाडी चालवत नाही. रेल्वे किंवा बसनं जमेल का? ‘आन्वेर्सा-विल्लालागो-स्कान्नो’ नावाचं स्टेशन नकाशावर दिसतंय.

—

रानजाई

@निवांत_प्रवासी, त्या स्टेशनवर उतरू नका. नावात तिन्ही गावं आहेत, पण ते डोंगराच्या उतारावर एकटं आहे, गाड्या मोजक्या थांबतात आणि तिथून स्कान्नो फार लांब. त्याऐवजी रोमच्या तिबुर्तीना स्टेशनवरून सुल्मोनाला या. रेल्वेला अडीच-तीन तास लागतात, तिबुर्तीनाच्या बसतळावरून बसही आहेत. सुल्मोनाहून स्कान्नोला प्रांताची ‘तुआ’ बस साधारण तासाभरात पोचवते, आणि ती याच घळीतून जाते. उंच सीटवरून घळ गाडीपेक्षा छान दिसते, हे खरं सांगते. रविवारी आणि सणाला बस फार कमी असतात, म्हणून आठवड्याच्या मधला वार घ्या आणि परतीची शेवटची बस आदल्या दिवशीच बघून ठेवा.

पण एका दिवसात जाऊन येऊन सहा तासांहून जास्त प्रवासातच जातील. माझं ऐकाल तर रात्री सुल्मोनाला राहा. कवी ओव्हिड इथला, इसवी सन पूर्व ४३ चा जन्म. चौकाच्या कडेनं १२५६ चा पाणी वाहून नेणारा कमानींचा कालवा उभा आहे, मागे डोंगर. आणि इथले साखरेत घोळवलेले बदाम, ‘कोन्फेत्ती’. दुकानादुकानांत त्यांची रंगीत फुलं करून लावलेली असतात. लग्नात पाहुण्यांना वाटतात, पांढरे लग्नाला, लाल पदवी मिळाल्यावर.

—

मिलानोकर

गाडी नसेल आणि त्याच दिवशी रोमला परतायचंच असेल तर त्राझिमेनो बघा, उंब्रियात. कास्तिल्योने देल लागो हे रोम-फ्लॉरेन्सच्या जुन्या लोहमार्गावर आहे, स्टेशनवरून चालत गावात जाता येतं. तळं प्रचंड, १२८ चौरस किलोमीटर, पण खोली सहा मीटरच्या आसपास. बोटीनं बेटांवर जाता येतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं इसवी सन पूर्व २१७ मध्ये रोमन सैन्याला याच काठावर गाठून संपवलं.

—

रानजाई

@मिलानोकर, बरोबर, आणि वयस्कर मंडळींना त्राझिमेनो सोपं. पण तिथे काठाला बुटक्या टेकड्या आहेत. डोंगर हवा असेल तर आब्रुत्सोला पर्याय नाही.

—

ट्रेकवेडा

डोंगर म्हणताय तर मग कांपो इंपेरातोरे का नाही? २७ किलोमीटर लांबीचं पठार, समोर कोर्नो ग्रांदे २९१२ मीटर, आपेन्निनोतलं सर्वोच्च शिखर. मोकळे घोडे, गायी. रोमहून अंतरही फार वेगळं नाही. स्कान्नो छान आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्याला मी पठारच दाखवेन. ती विशालता बघून माणूस गप्प होतो.

—

रानजाई

@ट्रेकवेडा, तुमचं प्रेम समजतं, मलाही ते पठार आवडतं. तरीही मी स्कान्नोच सांगेन, आणि कारण सांगते. पठारावर ढग उतरले तर दोन हातांवरचं दिसत नाही आणि दिवस वाया जातो. वर खायला-बसायला फार थोडं आहे. स्कान्नोच्या दरीत पाऊस आला तरी घळ सुंदर दिसते, गावात फिरता येतं, सोनाराकडे, बेकरीत वेळ जातो. पाहुणे घेऊन गेल्यावर हे महत्त्वाचं असतं. ट्रेकची सवय असलेल्यांनी, स्वच्छ हवामान बघून, जरूर कांपो इंपेरातोरेला जावं. दोन्ही एका दिवसात नको, एवढंच.

—

ट्रेकवेडा

पाहुण्यांचा मुद्दा पटला. ढगांनी मलाही वरून तसंच परत पाठवलंय.

—

हिरवा_चाफा

आम्ही जाऊन आलो! वृत्तांत लिहिते.

साडेसातला रोम सोडलं. फुचिनोचं मैदान आलं तेव्हा सासरे, ते निवृत्त कृषी अधिकारी, गाडी थांबवा म्हणाले, पण टोलरस्त्यावर थांबता येईना. मग परतताना मुद्दाम खाली उतरून शेतांमधून फिरलो. काळपट माती, सरळ कालवे. त्यांनी मूठभर माती हातात घेऊन बोटांनी चोळून बघितली, म्हणाले तळ्याचा गाळ आहे, ओल धरून ठेवतो.

घळीत सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, पण सान दोमेनिकोला पाणी बघून खूश. दगडी पुलावर त्या आणि एक इटालियन आजी शेजारी-शेजारी उभ्या होत्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. आजींनी गुहेकडे बोट दाखवून हात जोडले, सासूबाईंनीही जोडले. स्कान्नोच्या तळ्याकाठी दशम्या, चटणी. पाणी बरंच मागे गेलेलं होतं, भूगर्भ यांनी सांगितल्याप्रमाणे गोट्यांचा पट्टा उघडा. आम्ही वर बदाम बघून आलो. चढ अर्ध्या तासाचा, मधे दोन ठिकाणी उतार घसरडा आहे, काठी असलेली बरी.

जेवणाच्या ठिकाणी ‘सेन्त्सा कार्ने’ दोनदा सांगूनही पास्त्यात डुकराचे बारीक तुकडे निघाले. त्यांनी लगेच बदलून दिला, पण सासूबाईंनी मग फक्त भाजलेल्या भाज्या आणि पाव खाल्ला. तेव्हा पक्क्या शाकाहारी माणसासाठी डबा न्याच.

बेकरीतून ‘पान देल्लोर्सो’ आणला. बदाम, मध आणि वरून चॉकलेटचा थर. अंडं असतं, पण टिकतो छान. मुलांनी हॉटेलवरच संपवला.

—

रानजाई

@हिरवा_चाफा, किती छान झालं! सासऱ्यांनी माती चोळून बघितली हे वाचून फार आनंद झाला. पास्त्याचं वाईट वाटलं. यापुढे मी पाहुण्यांना ‘कार्ने’ सोबत ‘पांचेत्ता’ (डुकराचं खारवलेलं मांस) आणि ‘साल्सिच्चा’ (सॉसेज) हे शब्दही स्वतंत्र सांगायला शिकवते, कारण काही जणांच्या लेखी ते चवीपुरतं घातलेलं असतं, मांसात धरत नाहीत.

—

सुगरण_नाही_मी

आम्ही एप्रिलअखेर येतोय, १ मे ला रोममध्येच असू. कोकुल्लोला सापांची जत्रा असते असं ऐकलं. बत्तीस शिराळ्याजवळचं माहेर असल्यानं खूप उत्सुकता आहे. त्याच दिवशी स्कान्नोही जमेल? आणि गाडीसाठी काय कागद लागतील?

—

रानजाई

हो, सान दोमेनिकोचीच जत्रा, वर लिहिलेल्या गुहेतला तोच साधू. सर्पदंशापासून तो राखतो अशी श्रद्धा. गावातले साप पकडणारे बर्फ वितळल्यावर बिनविषारी साप धरून आणतात, त्या दिवशी मूर्तीच्या अंगाखांद्यावर सोडतात आणि मिरवणूक काढतात. साप मूर्तीच्या तोंडावर, हातांवर वेटोळे घालतात. नंतर त्यांना जिथून आणलं तिथे सोडून देतात. अलीकडे साप अभ्यासकही तिथे असतात, सापांची मोजमापं आणि तपासणी होते. शिराळ्याकडच्या माणसाला त्यातलं बरंच काही न सांगता उमगेल.

मिरवणूक दुपारी बाराच्या सुमाराला, पण गाव इवलंसं आणि गर्दी अफाट. नऊच्या आत पोचा. गाडी लांब लावून चालावं लागतं. दुपारी दोनच्या पुढे स्कान्नोकडे निघालात तर तळ्यापर्यंत आरामात जाल. त्या दिवशी घळीत वाहनांची रांग लागते, म्हणून आन्वेर्साला थांबू नका, थेट तळं.

कागद: भारतातलं लायसन्स असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच, तो भारतातूनच काढून आणायचा. टोलनाक्यावर पिवळ्या रंगाची मार्गिका टेलेपासवाल्यांची, म्हणजे यंत्रानं आपोआप टोल भरणाऱ्यांची, तिच्यात शिरू नका. रोमच्या मध्यभागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे दंड लावतात, त्यामुळे गाडी विमानतळावरून किंवा तिबुर्तीनाहून घ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत डोंगराच्या रस्त्यांवर हिमटायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात. मे मध्ये प्रश्न नाही, पण स्कान्नोच्या पुढे पास्सो गोदीच्या खिंडीकडे जाणार असाल तर तिथे बर्फ असू शकतं.

आणि अंधार पडायच्या आत दरीतून बाहेर पडा. इथे हरणं, लांडगे आणि अस्वलं रस्त्यावर येतात. मार्सिकाची तपकिरी अस्वलं जगात याच भागात, साठेकच उरली आहेत. हुआन कार्रितो नावाचं एक अस्वल गावात येऊन बेकरीतली बिस्किटं खायचं म्हणून सगळ्या इटलीत ओळखीचं होतं. जानेवारी २०२३ मध्ये कास्तेल दी सांग्रोजवळ ते गाडीची धडक बसून मेलं. तेव्हा परतीला वेग ताशी पन्नासच्या आत ठेवा, आणि कुठे हरीण दिसलं तर एकटं नसतं, मागून दुसरं येईपर्यंत थांबा.